चावीच्या बदल्यात बांगड्या

रविवार, ९ नोव्हेंबर. सेलूच्या अलीकडचं आमचं वावर.

हजर: दादा, वहिनी आणि मी. पलीकडच्या वावरात वामनराव. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळसाच्या सावलीत, चहाचा थर्मास, दिवाळीतला उरलेला चिवडा, पाण्याची कॅन आणि माझ्या चपला. शेडमध्ये ट्रॅक्टर आणि रोटावेटर, अजून एकमेकांपासून वेगळे.

अशी हजेरी घेतल्याशिवाय मला कोणतंही काम सुरू करता येत नाही. वर्धेला मुलींच्या वसतिगृहाची मी अधीक्षक आहे. रोज संध्याकाळी व्हरांड्यात उभी राहून नावं घेते, प्रत्येक नावाला वेगळ्या गळ्यातून ‘हजर’ येतं, आणि तेवढं ऐकलं की दिवस जागच्या जागी बसल्यासारखा वाटतो. सुट्टीच्या दिवशी वर्धेतल्या नालवाडीच्या घरून पहिली एसटी पकडून माहेरच्या वावरात आले तरी तोंडातल्या तोंडात माझी हजेरी सुरूच असते. वहिनी विचारते, “बाई, आमच्यातलं कोणी पळून चाललं का?” पळून कोणी जात नाही. पण समोर असलेलं माणूसही थोडं थोडं कमी होत जातं आणि माझ्या हजेरीत ते दिसत नाही, हे मला आज कळलं.

सोयाबीन निघून गेल्यावरचे हे दिवस मला वर्षातले सगळ्यात आवडते. वावर केस कापून आलेल्या पोरासारखं मोकळं, जरा ओशाळलेलं दिसतं. सकाळी खोडक्याखोडक्यांवर कोळ्यांची जाळी दवाने चमकू लागतात. एरवी ती तिथे आहेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मळणीच्या जागी कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग असतो आणि त्याला ओलसर, आंबूस, थोडा भाजक्या डाळीसारखा वास असतो. उन्हाला अजून धार असते, पण सावलीत गेलं की अंगावर बारीक काटा येतो. जमिनीतली ओल मोजकीच. ती उडून जायच्या आत खोडकं मोडून, माती भुसभुशीत करून हरभरा पेरायचा, म्हणून साऱ्या शिवाराला घाई सुटलेली असते आणि चारी बाजूंनी ट्रॅक्टर ऐकू येत असतात. लहानपणचे हे दिवस आठवायला गेले तर मला आधी आठवतात त्या आईच्या शिव्या. दादा आणि मी कुटाराच्या ढिगात उड्या मारायचो आणि मग घरी येऊन अंग खाजवत बसायचो. आई दोघांना एकाच बादलीत उभं करून धुवायची.

आज सकाळी कामाला सुरुवात करण्याआधी आम्ही तिघं वावरातून एक चक्कर मारून आलो. दगड, लाकडं, पाइपाचे तुकडे, जे दिसेल ते उचलून धुऱ्यावर टाकायचं. वामनरावांनी तिकडून जयभीम घातला आणि विचारलं की बाई आज निरीक्षणाला आल्या का. दादाने हात वर केला. त्याला प्रश्न कळला असावा असं मी धरून चालले.

रोटावेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार, ट्रॅक्टरला जोडणं दिसायला सोपं असतं. सपाट जागी, दोन लाकडी ठोकळ्यांवर तो ठेवलेला असतो. दादा ट्रॅक्टर मागे घेतो, मुंगीच्या चालीने, मागचे दोन दांडे रोटावेटरच्या पिनांसमोर येईपर्यंत. तेवढा वेळ दोघांच्या मधल्या जागेत कोणी पाय ठेवायचा नाही. वहिनी मागच्या चाकाच्याही बाहेर, दादाला तिचे दोन्ही हात दिसतील अशी उभी असते. दांडे समोर आले की इंजिन बंद, ब्रेक दाबून अडकवलेला, आणि दादा सीटवरून खाली. मग जे होतं ते साऱ्या शिवारात फक्त आमच्याकडे होतं.

वहिनी हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून काढते. दादा चावी काढतो. ती बांगड्या त्याच्या हातात देते, तो चावी तिच्या हातात देतो. चावी ती अंगातल्या शर्टाच्या खिशात टाकते आणि खिशाचं बटण लावते. शर्ट दादाचाच, जुना, निळ्या रेघांचा. साडीवर चढवलेला, पदर आत खोचलेला, बाह्यांची बटणं लावलेली, केसांचा घट्ट बुचडा. मग ती दांड्यांशी जाते. आधी डावा, मग उजवा, मग वरचा तिसरा, टॉपलिंक. प्रत्येक पिनेला तिची क्लिप. शेवटी शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद रोटावेटरपर्यंत नेणारा फिरता दांडा. तो बसला की टक् असा आवाज येतो, तरी ती तो ओढून पाहतेच. त्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हराची साखळी, पात्यांचे बोल्ट, गिअरबॉक्सचं तेल. या साऱ्या वेळात दादा बाजूला उभा राहून तिच्या बांगड्या धरतो आणि अधूनमधून हलवतो. छन्. थोड्या वेळाने पुन्हा छन्.

त्याचा अर्थ एवढाच: मी खाली आहे, सीटवर नाही, तू निवांत हात घाल.

आज त्याने त्या जरा जास्तच वेळ वाजवल्या, असं मला वाटून गेलं. पण मी तेलाची पातळी बघत होते.

हा रिवाज ज्या हंगामात सुरू झाला, तो मला दरवर्षी याच दिवसांत परत भेटतो. तोही असाच दिवाळीनंतरचा. ट्रॅक्टर घरात जुना झाला होता; नांगर, वखर, ट्रॉली, सगळं दादाच्या अंगवळणी पडलेलं. रोटावेटर मात्र नवा. तो शेडसमोर उतरवला तेव्हा वहिनीने त्याच्याभोवती एक फेरी मारली, वाकून आतली पाती पाहिली आणि म्हणाली की याच्या तोंडात जीभच नाही, नुसते दात आहेत. मी सोबतची पुस्तिका वाचून, मोठ्या अक्षरांत नियम लिहून आणले होते. मागे कोणी उभं राहायचं नाही, दगड उडतो. वर कोणी बसायचं नाही, एवढ्याशा अंतरासाठीही नाही. वळताना रोटावेटर उचलायचा, जमिनीत असताना मागे घ्यायचा नाही. पात्यांत काही अडकलं तर इंजिन बंद, चावी बाहेर, पाती पूर्ण थांबेपर्यंत हात लांब. आणि उचललेल्या रोटावेटरखाली ठोकळे लावल्याशिवाय जायचं नाही, कारण तो उचलून धरणाऱ्या लिफ्टचा भरवसा नाही. कागद मी शेडच्या पत्र्यावर चिकटवला. वहिनीने तो सबंध वाचला, मनापासून वाचला, आणि म्हणाली, “आमच्यासाठी ठीक हाये, बाई. पण रोटावेटरले वाचता येते का?”

जोडताना ट्रॅक्टर बंद ठेवायचा, हे मात्र माझ्या कागदावर नव्हतं. अडकलं तर बंद करायचं, हे होतं. आणि दुसरी अडचण एका शब्दाची होती.

वहिनी दादाला ‘तुम्ही’ म्हणते, आणि तिच्या बोलण्यात ‘सोडा’ हा शब्द दिवसभर येत असतो. लिफ्ट खाली घ्यायची तर सोडा. क्लच सोडायचा तर सोडा. दादा नको तिथे सल्ला देऊ लागला, किंवा जुनं भांडण उकरून काढू लागला, तर तेही सोडा. इतकी वर्षं नुसत्या स्वरावरून त्याला कळत आलं होतं की या वेळी काय सोडायचं आहे. त्या सकाळी इंजिन सुरू होतं. उजव्या दांड्याचं भोक काही केल्या पिनेसमोर येत नव्हतं. वहिनी वाकून झटत होती आणि दादा सीटवरून मागे वळून सांगत होता, अशी धर, तशी मार, हातोडी बदल. ती वैतागून म्हणाली, “सोडा आता.”

त्याने लिफ्ट सोडली.

दांडा खाली आला. वहिनी हात मागेच घेत होती, म्हणून मनगट निसटलं. बांगड्या मात्र दांड्याखाली सापडल्या. काच फुटल्याचा आवाज इंजिनात कोणाला आला नाही. तिच्या हातावर रक्ताची एक बारीक रेघ तेवढी उमटली.

आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात शकुन-अपशकुन कोणी मानत नाही. पण शब्द मागे राहिले आहेत. बांगडी फुटली असं आई कधी म्हणायची नाही, वाढली म्हणायची. दादाने इंजिन बंद केलं, खाली आला, वहिनीचा हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “बांगडी वाढली.” मग तो तिथेच उकिडवा बसला आणि मातीतून काचेचे तुकडे वेचू लागला. पायात जाईल कोणाच्या, म्हणाला. वहिनीने सांगितलं की पुरे, चहा घ्या. मी सांगितलं. तो वेचतच राहिला. आमच्या काळ्या मातीत हिरवी काच चटकन दिसते, तरी त्याला ती दिसत नव्हती, बोटांनी चाचपून शोधावी लागत होती. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून, हे वहिनीला आधी कळलं. तिने पदराने त्याचे नाही, स्वतःचेच डोळे पुसले आणि त्याला म्हणाली की बांगड्या सेलूला ढिगाने मिळतात.

दुसऱ्या दिवशी वहिनीने उरलेल्या बांगड्या कामाआधीच काढल्या. त्या ठेवायच्या कुठे? चाकावरच्या पत्र्यावर ठेवल्या तर घरंगळतात, जमिनीवर ठेवल्या तर पायाखाली येतात. तिने त्या दादाच्या हातात कोंबल्या. धरा. मी म्हटलं की मग चावीही काढून घे याच्याकडून. अशा तऱ्हेने तो बायकोच्या बांगड्या घेऊन रिकाम्या ट्रॅक्टरशेजारी उभा राहिला, लग्नात नवरीच्या मागे सामान सांभाळणाऱ्या पाहुण्यासारखा. वहिनी दांड्यापाशी वाकली होती, तिला तो दिसत नव्हता. तिने खालूनच विचारलं, “कुठी हाव तुम्ही?” उत्तर द्यायच्या ऐवजी त्याने बांगड्या हलवल्या.

ती हसली, ते आम्हाला तिच्या पाठीवरून कळलं.

तेव्हापासून हेच. माझा कागद एका पावसाळ्यात गळून गेला, बांगड्या राहिल्या. पुस्तिकेत याहून चांगली सोय मी वाचली नाही. बांगड्या हातात असेपर्यंत तो सीटवर चढत नाही; चावी तिच्या खिशात असेपर्यंत चढून उपयोग नाही; आणि काम संपून ती बाहेर आल्याशिवाय, दोन्ही हात त्याच्यासमोर धरल्याशिवाय, बांगड्या परत घालता येत नाहीत. त्या घालून झाल्या की चावी मिळते. वसतिगृहात मी कुलपांच्या, किल्ल्यांच्या कितीतरी व्यवस्था लावल्या. इतकी साधी एकही जमली नाही.

‘सोडा’ हा शब्द वावरात बंद झाला. लिफ्टला ‘खाली घ्या’, क्लचला ‘निघा’, आणि बाकी सगळ्याला ‘थांबा’, असं मी ठरवून दिलं. दादाने त्याची भरपूर थट्टा केली. सेलूच्या टपरीवर जाऊन तो म्हणायचा की ते बाटलीतलं द्या, ज्याचं नाव घ्यायला आमच्याकडे बंदी आहे. वहिनीची वेगळी तक्रार होती. पूर्वी घरातलं भांडण त्या एका शब्दात मिटायचं. आता जिभेवर येऊन तो परत जातो आणि भांडण रात्रीच्या भाकरीपर्यंत पुरतं.

दादाच्या कानांबद्दल आता लिहायला हवं.

मी लहान असताना तो मला सायकलच्या दांडीवर बसवून सेलूला शाळेत न्यायचा. वळणापलीकडची एसटी दिसायच्या कितीतरी आधी सायकल रस्त्याच्या कडेला घ्यायचा आणि सांगायचा की नागपूरची आहे, वर्धेची नाही. कसं कळलं विचारलं तर म्हणायचा, खोकते वेगळी. पुढे ट्रॅक्टर आल्यावर त्याने तोही असाच कानाने शिकून घेतला. पात्याला दगड लागला की मूळ लागलं, गिअरबॉक्स कोरडा पडला की नुसता बोल्ट ढिला झाला, हे तो मागे न बघता सांगायचा. आणि एवढ्या आवाजात, दूर धुऱ्यावरून वहिनीने हाक मारली की त्याचा पाय आपोआप क्लचवर जायचा. मला ती हाक ऐकूही यायची नाही. मी तिच्या शेजारी उभी असायचे, तरी.

त्या आवाजानेच त्याचे कान खाल्ले. एवढी वर्षं, उघड्या कानांनी, मान मागे वळवून, इंजिन कानाशी धरून बसल्यासारखा तो बसत आला. कानांवर घालायचं काही असतं हे मला माहीत होतं. मी एकदा आणूनही दिलं. त्याने ते घालून पाहिलं, काढलं आणि म्हणाला की मग हिची हाक कशी येणार.

या दिवाळीत खुणा दिसत होत्या. मी विचारलं चहा घेणार का, तर म्हणाला उद्या सेलूला. टीव्हीचा आवाज गल्लीभर. फोनवर कोणाशीही ‘हं, हं’. वहिनी मध्येच, जणू स्वतःशीच, समोरच्याचं वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणायची. मला वाटलं तिला वयाप्रमाणे बडबडायची सवय लागली. खरं तर ती त्याच्यासाठी बोलत होती, इतक्या सहज की आम्हाला कळू नये आणि त्याला लाज वाटू नये. दोघं मिळून ते झाकत होते. झाकतो आहोत हे मात्र दोघांनी एकमेकांनाही सांगितलं नव्हतं.

तर आज. रोटावेटर जोडून झाला, बांगड्या वहिनीच्या हातात गेल्या, चावी दादाकडे आली. त्याने रोटावेटर जमिनीपासून थोडा वर ठेवून पाती हळू फिरवली, आवाज स्थिर झाला तसा खाली टेकवला, आणि तासाला, म्हणजे पहिल्या ओळीला, लागला. मागे काळी, मोकळी माती पसरत चालली. तिचा वास येतो तो थेट छातीत उतरतो. ओली, गार, जराशी गोड. बगळे कुठून तरी आलेच. धुऱ्याकडचा पट्टा तेवढा उरला तेव्हा मी थर्मासचं झाकण उघडलं. वहिनी माझ्याजवळ बसली, चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाऊ लागली आणि मध्येच उठून उभी राहिली.

रानडुकरांसाठी वावराभोवती लावलेली तार आम्ही काढणीच्या वेळी गुंडाळून ठेवली होती. तिचा एक तुकडा धुऱ्याजवळच्या गवतात राहिला होता. सकाळच्या चकरेत तो कोणालाच दिसला नाही. आता ऊन त्यावर पडलं आणि वहिनीला तो चमकताना दिसला, दादाच्या चालू तासात, ट्रॅक्टरच्या थोडा पुढे. तिने हाक मारली. दादाचा पाय क्लचवर गेला नाही. तिने पुन्हा मारली, या वेळी मलाही कानठळ्या बसतील अशी. तो पुढे बघत चालला होता, आरामात, मान जराशी डोलवत.

वहिनी धावली. ट्रॅक्टरच्या मागूनच धावली, कारण तीच वाट जवळची होती. फिरत्या पात्यांच्या दिशेने ती चार ढेकळं गेली असेल आणि थांबली. मागून जायचं नाही. मी तिच्या पाठीकडे बघत होते; ती थांबली, वळली आणि बाहेरून, धुऱ्याकडून मोठा वळसा घेऊन पळू लागली, एक हात दुखऱ्या गुडघ्यावर. ती पोहोचायच्या आत तार पात्यांत गेली. तिचं एक टोक शेपटीसारखं उसळून मागे, मघा वहिनी थांबली त्याच्या थोडं पुढे, जमिनीवर आपटलं. मऊ मातीत तिथे एक रेघ उमटली.

दादाला सीटमधून हिसका कळला. त्याने क्लच दाबला, पाती बंद केली, रोटावेटर उचलला, इंजिन बंद केलं. मागे वळला तेव्हा वहिनी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाशी धापा टाकत उभी होती. तिला तिथे पाहून त्याला नवल वाटलेलं दिसलं.

तारेचं सांगायची गरज नव्हती. रोटावेटरखाली ठोकळे लावले, त्यांवर तो टेकवला, आणि रोजचा व्यवहार झाला: बांगड्या त्याच्या हातात, चावी तिच्या खिशात. पक्कड घेऊन ती बसली आणि तारेचे वेढे एकेक तोडू लागली. मी तुकडे गोळा करत होते. दादा बाजूला उभा राहून बांगड्या वाजवू लागला. छन्, छन्.

“कळलं. पुरे आता,” वहिनी खालूनच म्हणाली.

तो वाजवतच राहिला.

“अवो, पुरे म्हटलं ना.”

छन्. छन्. ती बाहेर सरकली, उभी राहिली आणि त्याच्याकडे पाहिलं. मघापासूनचं सगळं तिच्या तोंडावर आलं होतं, राग म्हणून येत होतं, पण राग नव्हता. दादाने हात थांबवला. बांगड्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“वाजून राह्यल्या का?” त्याने विचारलं.

वहिनीने मान हलवली. वाजत होत्या.

“मले येत नाई ह्यायचा आवाज,” दादा म्हणाला. “आधी पाखरं गेली. मंग ह्या. मागच्या सालीच.”

“मंग वाजवता काऊन?”

“तुले येते ना.”

मी तारेचे तुकडे हातात घेऊन तिथेच उभी होते. बारीक, पातळ आवाज आधी जातात म्हणे. जाड आवाज मागून. म्हणजे इंजिन त्याला अजून चांगलं ऐकू येत असणार. मागचं सबंध वर्ष हा माणूस न येणारा आवाज हाताने मोजून वाजवत होता, किती हलवलं म्हणजे तिला पुरेसं ऐकू जाईल याचा अंदाज घेत. म्हणून जास्त वेळ.

वहिनीने त्याच्या समोर येऊन, त्याला ओठ दिसतील असं, सावकाश सांगितलं, “मी आवाज देल्ला तुमाले मघा. तार दिसली होती मले.”

“कुठून देल्ला?”

“मागून.”

तो मागे चालत गेला. मऊ मातीत तिच्या पावलांचे ठसे होते, चार ढेकळं आत आलेले आणि मग बाहेर वळलेले. आणि त्यांच्या पुढे ती तारेची रेघ. तो दोन्हींच्या मध्ये बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा त्याने बांगड्या वहिनीच्या हातात स्वतः चढवल्या, एकेक, जोर न लावता. चावी मात्र मागितली नाही. ती तिच्या खिशातच राहिली.

आवाज बंद झाला म्हणून वामनराव धुरा ओलांडून आले. त्यांना जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं मी सांगितलं. भला माणूस, त्यांनी लगेच सांगितलं की दादा, तुम्ही बसा सावलीत, धुऱ्याकडचा पट्टाच तर उरला आहे, तो मी मारून देतो.

“राहू दे, वामन,” दादा म्हणाला. “तो पट्टा तुह्या वहिनीसाठी सोडला.”

इतक्या वर्षांनी तो शब्द वावरात आला, आणि तोही त्याच्या तोंडून. वहिनीच्या ते लक्षात आलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

“मले सरळ चालवता येते,” ती म्हणाली. कापूस भरताना ट्रॉली ती पुढे घेतेच. “मागं घेता येत नाई.”

“शिकजो,” दादा म्हणाला. “तुले आइकू येते. सीटवर आइकणारंच माणूस पाह्यजे. मी खाली राह्यतो.” “मले कायचीच घाई नाई,” असंही म्हणाला. सीटकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

मी कामाची माणूस आहे, असल्या वेळी मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून मी कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला. मंगळवारी वर्धेला, मी सोबत. दादा म्हणाला पेरणी झाल्यावर. वहिनीने नुसता शर्टाच्या खिशावर हात ठेवला, चावीवर. तो म्हणाला, बरं, मंगळवारी.

वहिनीकडून चावी घेऊन ट्रॅक्टर वामनरावांनी शेडमध्ये नेऊन लावला. तारेचे तुकडे मी पोत्यात भरले, पोत्याचं तोंड बांधलं. पात्यांचे बोल्ट पुन्हा तपासले, एक ढिला निघाला, तो कसला. शाफ्टचं कव्हर तारेने चिरलं आहे, ते बदलल्याशिवाय रोटावेटर फिरवायचा नाही, हे दोघांकडून वदवून घेतलं. चिवडा संपवला.

एक काम मात्र झालं नाही. आता वहिनी सीटवर असणार आणि पिना बसवायला दादा वाकणार. ती उतरेल आणि चावी त्याला देईल. निळ्या रेघांचा शर्ट त्याचाच आहे, खिसाही त्याचा. पण बदल्यात त्याने तिच्या हातात काय द्यायचं? ती खाली आहे हे त्याला ऐकू येणार नाही, म्हणजे दिसेल असं काहीतरी हवं. मी दादाच्या गळ्यातला दुपट्टा सुचवला. तसाही शाफ्टजवळ गळ्यात दुपट्टा ठेवायचा नाहीच. वहिनी म्हणाली की त्याला घामाचा वास येतो, तो हातात धरून मी उभी राहणार नाही. दादा म्हणाला चष्मा देतो. मग पिन कोणाला दिसणार? घड्याळ फार लहान. टोपी वाऱ्याने उडेल. फाट्यापर्यंत मला पोचवायला येताना सगळ्या रस्त्याने हेच चाललं होतं, आणि एसटी आली तरी काही ठरलं नव्हतं.

गाडी वळली तेव्हा मी मागे पाहिलं. वहिनी हात पुढे करून उभी होती, आणि दादा आपले खिसे चाचपून बघत होता.